‘पश्चात्ताप नाही’ असा शेरा पडलेला मुलगा: बेळगावातलं एक प्रकरण

सोळा वर्षं पूर्ण केलेला एक मुलगा मोटारसायकल चोरीच्या प्रकरणात दुसऱ्यांदा बाल न्याय मंडळासमोर आला. पहिल्या खेपेला ‘याने काय केलं’ एवढाच विषय होता. दुसऱ्या खेपेला मंडळापासून गल्लीतल्या शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच विचारत होते: हा पुन्हा करणार का? परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांच्या सामाजिक तपासणी अहवालात मुलाच्या स्वभावाविषयीचा भाग लिहून देण्याचं काम समुपदेशक म्हणून माझ्याकडे आलं, आणि त्या भागात याच प्रश्नाचं उत्तर अपेक्षित होतं.

बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. म्हणून इथे नाव, गल्ली, वर्ष काहीच नाही. अशाच इतर मुलांच्या हकिकती मिसळून तपशीलही बदलले आहेत. बदलली नाही ती प्रश्नाची मांडणी.

घर आणि गुन्हा

शहापूर, वडगाव, खासबाग हा बेळगावचा विणकरांचा पट्टा. मुलाचे वडील तिथे दुसऱ्याच्या यंत्रमागावर काम करायचे. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, आणि त्यानंतर काम लागलं तर लागलं अशी अवस्था. आई घरी साड्यांना फॉल-पिको करते. आजी आहे, थोरली बहीण बी.कॉम.ला आहे. मुलगा मराठी शाळेत शिकला, एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, गणित राहिलं, मग ओळखीच्या दुचाकी गॅरेजमध्ये हाताखाली जाऊ लागला. इंजिनावर हात चांगला बसला. घरात दारूचा त्रास नाही, मारहाण नाही, आईवडील एकत्र राहतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल चाळले तर गुन्ह्यात पकडली गेलेली बहुसंख्य मुलं आईवडिलांसोबतच राहणारी असतात. त्यामुळे ‘मोडकं घर’ हे तयार उत्तर इथे उपयोगाचं नव्हतं.

पंधराव्या वर्षी त्यानं एका मंगल कार्यालयाबाहेरची मोटारसायकल किल्लीशिवाय सुरू केली, रात्रभर फिरवली आणि पेट्रोल संपलं तिथे सोडून दिली. मंडळानं समज देऊन त्याला घरी पाठवलं. दुसरं प्रकरण गंभीर होतं ते सोबतीमुळे. शनिवारी संध्याकाळी गॅरेजचा पगार झाला. एकोणीस आणि बावीस वर्षांचे दोघं आणि हा, असे कट्ट्यावर बसले. बिअर झाली. तिघं निघाले आणि एका दूधवाल्याची गाडी यानं मिनिटाभरात चालू करून दिली. गाडी हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा अशी वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीकडे चालली होती. शिनोळी महाराष्ट्रात. हद्द ओलांडली की इकडचा नंबर तिकडे ओळखीचा राहत नाही, आणि सुटे भाग करून विकणारा माणूस चंदगड बाजूला ठरलेला होता. बाचीजवळच्या नाकाबंदीत गाडी अडवली तेव्हा ती हाच चालवत होता. मोठे दोघं मागच्या गाडीवर होते, ते वळून पळाले आणि नंतर सापडले.

त्या दोघांचा खटला वेगळा चालला, कारण बाल न्याय कायद्याच्या कलम २३ प्रमाणे बालक आणि प्रौढ यांची एकत्र सुनावणी होत नाही. कायदा योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम मी नेहमी पाहते. मुलाच्या फायलीत प्रौढांचा उल्लेख एका ओळीपुरता उरतो आणि सगळा गुन्हा मुलाच्या स्वभावातून उगवल्यासारखा दिसू लागतो. बालकाला बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला कलम ८३ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड सांगितला आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ तर गुन्ह्यासाठी बालकाला कामाला लावणं हाच स्वतंत्र गुन्हा मानतं. ही कलमं फायलीत असतील तर मुलाविषयीचा प्रश्नही वेगळ्या नजरेनं वाचला जातो. अहवालात मी तसं स्पष्ट लिहिलं.

शेरा

सुरुवातीच्या एका कागदावर कन्नडमध्ये एक शेरा होता: विचारपूस करताना चेहऱ्यावर कसलाही पश्चात्ताप दिसला नाही. पुढच्या दोन कागदांवर तोच शेरा उतरला. माझ्याकडे फाईल येईपर्यंत ती त्याची ओळख झाली होती.

पहिल्या भेटीत तो खरोखरच दगडासारखा बसला होता. नजर खाली, उत्तरं ‘हां’ आणि ‘नाही’. मी रडण्याची वाट पाहत नव्हते, पण एखादा अनुभवी माणूसही हे पाहून ‘निबर आहे’ म्हणाला असता.

या विषयात ‘निबरपणा’ ही फालतू गोष्ट नाही. दुसऱ्याच्या दुःखाचं काही न वाटणं, अपराधी न वाटणं, भावना उथळ असणं या गुणांवर पॉल फ्रिक आणि इतर संशोधकांनी अनेक वर्षं काम केलं आहे. ज्या मुलांत हे गुण खरोखर आणि सातत्यानं असतात त्यांच्यात गुन्हे लवकर सुरू होतात, जास्त हिंसक असतात आणि पुन्हा घडण्याची शक्यता अधिक असते, असं त्या कामातून पुढे आलं आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत वर्तन-विकाराच्या निदानाला याची जोड द्यायची सोय झाली. पण तिथे अटी कडक आहेत. चार लक्षणांपैकी किमान दोन हवीत, ती किमान बारा महिने दिसायला हवीत, आणि एकाच ठिकाणी नाही तर वेगवेगळ्या नात्यांत आणि प्रसंगांत दिसायला हवीत. शिवाय मुलाच्या तोंडून ऐकून भागत नाही, त्याला दीर्घकाळ ओळखणाऱ्यांना विचारावं लागतं. चौकीतल्या एका रात्रीचा चेहरा यातल्या एकाही अटीत बसत नाही. पकडला गेलेला सोळा वर्षांचा पोरगा घाबरून, लाजेनं किंवा बाहेर वाट पाहणाऱ्या वडिलांच्या विचारानं गोठतो. त्यातून प्रश्न कन्नडमध्ये येत होते. याची कन्नड बाजारहाटापुरती, मनातलं सांगण्याइतकी नाही.

म्हणून मी इतरांकडे गेले. बहीण म्हणाली, “सॉरी म्हणत नाही कधी, मॅडम. भांडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी न सांगता माझ्या सायकलीत हवा मारून ठेवतो.” गॅरेजमालकानं सांगितलं की गिऱ्हाईक ओरडलं तर याचा हात उठतो, दोनदा आवरावं लागलं, पण गल्ल्याला कधी हात लावला नाही, आणि नवीन पोराचं बोट चेनमध्ये आलं तेव्हा हाच त्याला रिक्षातून घेऊन गेला. शाळेतल्या सरांनी आठवीतली गोष्ट सांगितली. वडिलांवरून शिवी दिली म्हणून यानं एका मुलाचं नाक फोडलं होतं, आणि सगळ्यांनी सांगूनही तो त्याला भेटायला गेला नव्हता. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम नोंदवली. मुलाची बाजू घेणाऱ्या अहवालात असे प्रसंग गळतात, आणि मग वाचणाऱ्याचा उरलेल्या अहवालावरचाही विश्वास उडतो.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत मी त्याला गाडीच्या मालकाविषयी सांगितलं. ती गाडी रतीब घालणाऱ्या माणसाची होती, दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे लोखंडी हूक होते. ते हूक काढून उसात टाकले हे त्यानं स्वतःच सांगितलं होतं, अगदी सपाट आवाजात, एखादा नट कुठे ठेवला ते सांगावं तसं. मी म्हटलं, त्या माणसाला पंधरा दिवस गाडी मिळाली नाही, मुद्देमाल म्हणून जमा होती. तो बराच वेळ गप्प राहिला. मग विचारलं, “मग रतीब कोण घातलं ओ?” मी म्हटलं, भाऊ सायकलवरनं घालत होता, लांबची घरं तुटली. त्यानं पुढे काही विचारलं नाही. पण पुढच्या भेटीत आल्या आल्या तो म्हणाला की ते हूक कुठे टाकलेत ते त्याला आठवतंय, दिवसा नेलं तर शोधून देतो.

एका प्रश्नावरून मी निष्कर्ष काढत नाही. पण बहीण, मालक, सर आणि हा प्रसंग एकत्र ठेवले की चित्र निबरपणाचं राहत नाही. या मुलाला वाईट वाटतं, उशिरा वाटतं, आणि ते तोंडानं न येता हातानं येतं.

मग धोका कशात होता?

निबरपणा नाही म्हणजे धोका नाही, असं मुळीच नाही. इथे दयाळू अहवाल लिहिणारे घसरतात.

गुन्हा आणि स्वभाव यांच्या नात्यावरच्या अभ्यासांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा वर येतात: इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती कमी असणं, आणि शिस्त, जबाबदारी, विचार करून वागणं कमी असणं. मिलर आणि लायनम यांनी २००१ मध्ये अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं, त्यातही हेच दोन गुण ठळक दिसले. मनाची अस्थिरता किंवा बहिर्मुखता यांचा संबंध त्यामानानं ढिला. पण ‘उतावळा’ हा शब्द ज्या मुलांना सरसकट लावला जातो, त्यात किमान चार वेगळ्या सवयी असतात. भावना उसळली की मागचापुढचा विचार न करता वागणं, शांत असतानाही परिणामाचा विचार न करणं, हाती घेतलेलं काम मध्येच सोडणं, आणि थराराची ओढ. एकाच मुलात चारही असतील असं नाही, आणि उपाय कोणत्या सवयीवर करायचा हे त्यावर ठरतं.

हा मुलगा काम मध्येच सोडणारा नव्हता. शाळेचा शेरा ‘लक्ष नाही, टिकत नाही’ असा होता, पण गॅरेजमध्ये तो कार्ब्युरेटर उघडून तीन-तीन तास मान वर न करता बसायचा. मालकानं वेळेवर येण्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही. म्हणजे चिकाटी होती, ती गणिताच्या वहीवर नव्हती. राग उसळण्याची सवय मध्यम, तीही वडिलांचा किंवा कामाचा अपमान झाला तर. थराराची ओढ मात्र भरपूर, आणि ती नेमकी वेगाची. दोन्ही गुन्ह्यांत गाडीच होती, हा योगायोग नव्हता.

दुसऱ्या चोरीच्या आधीची पाच मिनिटं आम्ही दोघांनी कागदावर उलगडली. कोण कुठे बसलं होतं, आधी कोण बोललं, त्याच्या हातात काय होतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि मी ते प्रत्येक मुलासोबत करते, कारण ‘का केलंस’ विचारलं की मुलं वकिलानं किंवा आईनं शिकवलेलं उत्तर देतात. त्या पाच मिनिटांत पैशाचा विषय नव्हता. पैशाचं मोठ्या दोघांनी ठरवलं होतं, याला विक्रीतले दोन हजार सांगितले होते, तेही गाडी निघाल्यावर. त्याला उठवलं ते एका वाक्यानं. दूधवाल्याच्या गाडीचं कुलूप नवीन पद्धतीचं होतं आणि बावीस वर्षांचा म्हणाला, “हे तुला जमायचं नाही बे.” त्यानंतरचं त्याच्या शब्दांत: “डोक्यात कायच नव्हतं. हातच चालले.”

यात काही विकृत नाही, हे मंडळातल्या सदस्यांनाही समजून सांगावं लागतं. थराराची ओढ किशोरवयाच्या मध्यावर-उत्तरार्धात सर्वाधिक असते आणि स्वतःला आवरण्याची क्षमता विशीतही वाढत राहते. मधल्या वर्षांत गाडी वेगात आणि ब्रेक कच्चे. मित्र पाहत असतील तर हे अंतर आणखी वाढतं. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेला फरक आजही उपयोगी पडतो: किशोरवयापुरते गुन्हे करून थांबणारी मुलं खूप, आणि बालपणापासून सुरू होऊन पुढे चालू राहणारी थोडी. या मुलाच्या बालपणात, म्हणजे दहाव्या वर्षाच्या आत, चोरी, छळ, प्राण्यांना इजा, शाळेतून सतत पळणं यातलं काहीही सापडलं नाही. फिलाडेल्फिया आणि फिनिक्स या अमेरिकन शहरांत १,३५४ गंभीर गुन्हे केलेल्या मुलांचा सात वर्षं माग ठेवला गेला. त्यांतल्याही बहुसंख्यांचे गुन्हे वयासोबत खाली आले, आणि ज्यांच्यात आवर, दूरचा विचार आणि स्वतःची जबाबदारी घेणं हे गुण वाढले त्यांचे जास्त खाली आले. म्हणजे ज्याला आपण स्वभाव म्हणून एका ओळीत लिहितो, तो या वयात हलत असतो. सोळाव्या वर्षाच्या मोजमापावर विसाव्या वर्षाचं भाकीत करणं धाडसाचं आहे.

मोजमापाविषयी

माझ्याकडे व्यक्तिमत्त्वाची एक प्रश्नावली होती, मूळ इंग्रजी आणि कन्नड भाषांतर. मी ती वाचून दाखवली. पहिल्या दहा-बारा विधानांना त्यानं ‘होय’ म्हटलं, एकमेकांविरुद्ध असलेल्या विधानांनाही. पुढे चालू ठेवून गुण काढता आले असते आणि अहवालात एक आकडा शोभून दिसला असता. मी ती बाजूला ठेवली आणि तसं कारणासह लिहिलं. सीमाभागात मराठी मुलाची चाचणी कन्नड किंवा इंग्रजी भाषांतरात होते, आणि तिचे निकष या मातीतल्या मुलांवर ठरवलेले नसतात. आकडा चुकीचा असला तरी तो आकडा असल्यामुळे लोक त्याला मान देतात, ही माझी मोठी काळजी आहे.

त्याऐवजी मी जोखीम पाहण्याच्या रचनाबद्ध पद्धतीचा आराखडा वापरला. बारा ते अठरा वयोगटासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अशा एका आराखड्यात जोखमीचे चोवीस आणि संरक्षणाचे सहा मुद्दे आहेत. त्यात बेरीज करून ‘इतक्या गुणांच्या वर धोकादायक’ अशी रेषा नाही. प्रत्येक मुद्दा पाहून शेवटी माणसानं निर्णय करायचा आणि कारण लिहायचं. संरक्षणाचे मुद्दे वेगळे लिहावे लागतात, हा त्याचा मोठा गुण. आपल्याकडच्या अहवालांत मुलाच्या बाजूनं काय आहे यासाठी जागाच शोधावी लागते. याच्या बाजूनं तीन ठाम गोष्टी होत्या: हातातलं कसब, ते ओळखणारा मालक, आणि याच्याशी खरं बोलणारी बहीण.

अँड्र्यूज आणि बॉन्टा या मानसशास्त्रज्ञांनी गुन्ह्याकडे नेणारे जे आठ मुख्य घटक मांडले, त्यांत स्वभाव हा एक आहे. उरलेल्यांत संगत, शाळा-काम, मोकळा वेळ, नशा, घर हे सगळं येतं. या मुलाच्या बाबतीत थराराची ओढ एकटी असती तर फार तर वडिलांच्या शिव्या खाल्ल्या असत्या. ती ओढ, शनिवारचा रोख पगार, रिकामी संध्याकाळ, बिअर आणि डिवचणारा बावीस वर्षांचा माणूस हे पाच एकत्र आले की गुन्हा. यातलं पहिलं मला बदलता येत नव्हतं. उरलेल्या चारांना हात घालता येत होता.

अहवालात मी ‘जोखीम: मध्यम’ असा एक शब्द लिहून थांबले नाही. लिहिलं ते असं: वरील परिस्थिती तशीच राहिली तर पुढच्या सहा महिन्यांत वाहनासंबंधी गुन्ह्याची शक्यता मोठी. परिस्थितीतल्या किमान तीन गोष्टी बदलल्या तर कमी. माणसाला इजा करण्याची शक्यता कमी, अपमानाच्या प्रसंगी मध्यम. हा अंदाज सहा महिन्यांनी पुन्हा तपासावा. अंदाजावर तारीख घालणं मला फार महत्त्वाचं वाटतं. तारीख नसलेला अंदाज फायलीत पडून राहतो आणि दोन वर्षांनी कुणीतरी तो आजचा म्हणून वाचतो.

काय केलं, काय टाळलं

बाल न्याय मंडळापुढे त्याच कायद्याच्या कलम १८ चे पर्याय होते, समज देण्यापासून तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवण्यापर्यंत. मंडळानं एक वर्ष परिवीक्षेवर, पालकांच्या ताब्यात, देखरेखीखाली असा आदेश दिला.

घरच्यांना त्याला चंदगड तालुक्यात मामाकडे पाठवायचं होतं. काजूच्या कारखान्यात काम मिळालं असतं, मित्र तुटले असते. ऐकायला चांगलं. पण गाडी विकली जाणार होती ती त्याच रस्त्याला, तिथे त्याची ओळख झाली होती, आणि देखरेख दुसऱ्या राज्याच्या हद्दीत गेली असती. आईला हे पटायला वेळ लागला. “ओ मॅडम, इथं ठेवलो तर परत त्यांच्यातच जाणार की,” असं ती म्हणत राहिली, आणि तिची भीती खोटी नव्हती.

दुसरी सूचना वडीलधाऱ्यांकडून आली: तालमीत घाला, नाहीतर गल्लीतल्या गणपती मंडळाच्या कामाला लावा. बेळगावात गणपती असो की शिवजयंतीचे चित्ररथ, पोरांना कामाला लावणारी मंडळं प्रत्येक गल्लीत आहेत आणि त्यातून कितीतरी मुलं सावरलेली मी पाहिली आहेत. पण याच्या गल्लीतल्या मंडळात तेच मोठे दोघं पुढारी होते. म्हणून दुसऱ्या भागातल्या ओळखीच्या मंडळाकडे त्याला चित्ररथाच्या जनरेटरचं काम मिळवून दिलं. मिरवणुकीची रात्र, गर्दी, आवाज, सगळं थरारक, पण हातात काम आणि शेजारी त्याचा मालक.

गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या सामूहिक समुपदेशनाला मी विरोध केला. हा सरसकट नियम नाही. पण कमी-मध्यम जोखमीच्या मुलाला जास्त जोखमीच्या मुलांसोबत नेमानं बसवलं तर तो बिघडू शकतो, हे डिशियन आणि मॅकॉर्ड यांच्या १९९९ च्या कामापासून चांगलं माहीत आहे. डिवचल्यावर उठणाऱ्या मुलासाठी असा गट म्हणजे नवे डिवचणारे.

पगार शनिवारऐवजी सोमवारी, निम्मा आईच्या हातात, असं मालकानं कबूल केलं. शनिवारी संध्याकाळी बहीण त्याच्याकडून गणित करून घेऊ लागली. एसएसएलसीची परीक्षा वर्षात एकाहून जास्त वेळा होते, त्यामुळे राहिलेल्या विषयासाठी वर्षभर थांबावं लागत नाही. डिवचलं गेल्यावर काय करायचं याचा सराव आम्ही अक्षरशः उभं राहून केला. मी ‘जमायचं नाही तुला’ म्हणायचे आणि तो ‘नाही जमत, जातो मी’ म्हणून दारापर्यंत चालत जायचा. सुरुवातीला त्याला हसू आवरत नव्हतं. धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत एकदा तपासणी करून घेतली, लक्ष-चंचलतेचा विकार असेल का ही शंका होती. तसं काही निघालं नाही.

दिवाळीतली रात्र

परिवीक्षेच्या मधल्या काळात, पोरं किल्ले बांधत होती त्या दिवसांत, त्यानं शेजाऱ्याची गाडी रात्री अकराला काढली. किल्ली गाडीलाच होती. येळ्ळूरपर्यंत, राजहंसगडाच्या पायथ्याशी जाऊन परत आला, गाडी होती तिथे लावली. जाण्यापूर्वी होतं त्याहून जास्त पेट्रोल टाकीत होतं. सकाळी त्यानं बहिणीला सांगितलं, बहिणीनं मला. शेजारी भडकले, पण तक्रार दिली नाही.

हा पुनर्गुन्हा का? ‘पुन्हा केलं: होय / नाही’ अशा रकान्यात ‘होय’. परवानगीशिवाय गाडी नेली, लायसन्स नाही, रात्रीची वेळ. परिवीक्षा अधिकाऱ्यांना मी त्याच दिवशी कळवलं. लपवलं असतं तर सगळ्या कामावरचा विश्वास गेला असता. पण रकान्याखाली मी फरकही लिहिला: एकटा होता, नशा नव्हती, प्रौढ नव्हते, विकायचं नव्हतं, गाडी परत आली, आणि सांगितलं ते स्वतःहून. पहिल्या अहवालातल्या पाच गोष्टींपैकी चार गैरहजर होत्या आणि उरलेली एक, ओढ, तशीच होती. संशोधनात पुनर्गुन्हा बहुधा नव्या अटकेनं किंवा शिक्षेनं मोजतात, आणि तिथे ही रात्र दिसलीच नसती. तक्रार झाली असती तर बाचीच्या रात्रीइतकीच ठळक दिसली असती. मुलगा तोच, शेजाऱ्याच्या मनावर आकडा बदलणार. पुनर्गुन्ह्याची टक्केवारी वाचताना हे मी विसरत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं आहे. अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. हे त्याला पाठ होतं. ज्याला गाड्यांचंच काम करायचं आहे त्याच्यासाठी याहून मोठी शिक्षा नाही, हेही कळत होतं. पण रात्री अकराला हातात किल्ली आली तेव्हा पंचविसावं वर्ष फार लांब होतं. म्हणून आम्ही धाक वाढवला नाही. शेजाऱ्यांना किल्ली काढून ठेवायला सांगितलं, आणि त्याची रात्री अकराची वेळ कशानं भरायची ते पाहिलं.

आदेश संपल्यावर

वर्ष संपलं. नवी तक्रार नव्हती. गणित दुसऱ्या प्रयत्नात सुटलं. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे या नोंदींमुळे त्याला पुढे कुठे अपात्र ठरवता येत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. घरच्यांना मी हे मराठीत लिहून दिलं, कारण नोकरीच्या वेळी कुणीतरी विचारेल आणि ते घाबरून सगळं सांगून बसतील.

एक गोष्ट मला सलते. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे नंतरच्या आधाराची, तरतूद आहे. जो मुलगा घरीच राहून सावरला त्याच्यासाठी नाही. आदेश संपला की परिवीक्षा अधिकाऱ्यांचा, माझा, मंडळाचा संबंध कागदावर संपतो, आणि अठरानंतर काही घडलं तर ते थेट फौजदारी न्यायालयात जातं. त्या दोघांपैकी थोरला जामिनावर सुटून गल्लीत परत आला आहे. शेवटच्या अहवालासोबत मी कुटुंबासाठी एक पान दिलं. कोणत्या वेळा जपायच्या, तो गप्प झाला तर काय समजायचं, कुणाला फोन करायचा. ते बहिणीकडे आहे.

मध्ये गॅरेजमालकांचा फोन आला होता. मुलगा अठराचा झालाय, लायसन्सला अर्ज केलाय, गिऱ्हाइकांच्या गाड्या दुरुस्तीनंतर फेरी मारून बघायला त्याच्याकडे द्यायच्या का, असं ते विचारत होते. मी म्हटलं द्या, पण १९९अ आड न येता लायसन्स हातात आलं तरच, दिवसाउजेडी, आणि गाडी नेल्या-आणल्याची वेळ त्याला स्वतःला वहीत लिहायला लावून.